रिपोर्ट येईपर्यंतचे दिवस : दुखण्याच्या काळात वाट पाहताना प्रार्थना कशी करावी

बायॉप्सी झाली की डॉक्टर सांगतात, "आठ-दहा दिवसांत रिपोर्ट येईल, मग बघू." ते आठ-दहा दिवस कसे काढायचे हे मात्र कुणी सांगत नाही. रिपोर्ट आला की स्कॅनची तारीख, मग ऑपरेशनची तारीख, मग केमो, आणि दोन केमोंच्या मधले ते एकवीस दिवस. आजारपणात उपचारांपेक्षा वाट पाहण्यातच जास्त वेळ जातो.

हा लेख अशा घरांतल्या ख्रिस्ती माणसांसाठी आहे. आजारी माणसासाठी आहेच, पण त्याच्याबरोबर फाईल घेऊन खिडक्यांपुढे रांगा लावणाऱ्यासाठी जास्त आहे. नोकरीची, मुलाची, कोर्टाच्या निकालाची वाट पाहणाऱ्यांनाही यातलं बरंच लागू पडेल. मी दवाखान्याविषयी लिहिते आहे, कारण मंडळीतल्या कुटुंबांसोबत माझं बसणं तिथेच जास्त झालं आहे.

आधी हन्नाची गोष्ट

१ शमुवेलचा पहिला अध्याय काढा. हन्नाला मूल नाही, सवत टोमणे मारते, नवरा प्रेमळ आहे पण त्याला तिचं दुःख कळत नाही. ती शिलोच्या मंदिरात जाऊन ढसाढसा रडते. तिचे ओठ हलतात, आवाज मात्र निघत नाही. एली याजकाला वाटतं, बाई प्यायली आहे. ती त्याला सांगते की मी प्यायलेली नाही, मी परमेश्वरापुढे आपलं मन मोकळं करते आहे. एली म्हणतो, शांतीने जा, देव तुझी मागणी पुरवो. आपण कशासाठी रडतो आहोत हे तिने त्याला सांगितलेलंच नसतं.

यानंतरचं वाक्य आपण भरभर वाचून पुढे जातो. हन्ना परत गेली, जेवली, आणि तिचा चेहरा पुन्हा उदास राहिला नाही. शमुवेलचा जन्म अजून दूर आहे. हातात काहीही आलेलं नाही, घरी तीच सवत आहे, तरी ती जेवायला बसते.

वाट पाहणाऱ्या माणसाला ख्रिस्ती विश्वासातून जी शांती मिळते ती अशी असते. ती उत्तराच्या आधी येते. ज्याला सगळं सांगता येतं अशा देवाशी बोलणं चालू राहिलं की ती येते, आणि बोलणं तुटलं की घालमेल वाढते. म्हणून पुढची सगळी पावलं हे बोलणं कसं टिकवायचं याची आहेत.

वही आणा आणि एक वाक्य लिहा

शाळेची साधी शंभर पानी वही पुरे. पहिल्या पानावर एका वाक्यात लिहा, "मी कशाची वाट पाहतो आहे?" गुरुवारच्या रिपोर्टची? दादा बरा होण्याची? की दीड लाखांची सोय होण्याची? मनात हे सगळं एकत्र कालवलेलं असतं, आणि त्यामुळे भीती आहे त्याहून मोठी वाटते.

लिहून झालं की दोन रकाने करा. ज्यात आज आपल्याला काही करता येईल ते एकीकडे आणि ज्यात अजिबात काही करता येणार नाही ते दुसरीकडे. पैशाचं पहिल्या रकान्यात येईल. त्यासाठी दवाखान्यातल्या समाजसेवकांना भेटा, महात्मा फुले जन आरोग्य योजनेत आपला उपचार बसतो का याची चौकशी करा, रेशन कार्ड आणि आधारच्या झेरॉक्स काढून ठेवा. गाठ कसली निघेल हे दुसऱ्या रकान्यातलं. पहिल्या रकान्यातल्या गोष्टींसाठी प्रार्थना करून उठा आणि फोन लावा. दुसऱ्या रकान्यावर दिवसभर डोकं चालवून तो कमी होत नाही, तो रोज देवापुढे वाचायचा. फिलिप्पैकरांस पत्रात पौल हेच सांगतो, "कशाविषयीही चिंताक्रांत होऊ नका, तर सर्व गोष्टींविषयी प्रार्थना व विनंती करून आभारप्रदर्शनासह आपली मागणी देवाला कळवा." हे लिहिताना पौल स्वतः बंदिवासात होता, आणि आपलं काय होणार, सुटका की मरण, हे त्याला माहीत नव्हतं. पत्राच्या पहिल्याच अध्यायात त्याने तसं लिहिलं आहे. त्यामुळे हा उपदेश मला सुखात बसलेल्या माणसाचा वाटत नाही.

तक्रार करायला शिका

आपल्या घरांत लहानपणापासून शिकवलेलं असतं की देवापुढे कुरकुर करू नये. दुखण्याच्या काळात ही शिकवण जाचते. आतून राग आलेला असतो आणि तोंडाने मात्र "प्रभूची स्तुती असो" म्हणायचं. मग थोड्याच दिवसांत प्रार्थना नकोशी होते, कारण खोटं बोलायचा कंटाळा येतो.

स्तोत्रसंहितेतल्या दीडशे स्तोत्रांपैकी साधारण एक तृतीयांश विलापाची आहेत. पवित्र शास्त्रानेच आपल्याला तक्रारीचे शब्द दिले आहेत. स्तोत्र १३ घ्या, सहाच ओव्या, म्हणजे वचनं आहेत. पहिल्या दोन ओव्यांत चार वेळा एकच प्रश्न येतो, परमेश्वरा, किती काळ? पुढच्या दोन ओव्यांत सरळ मागणं आहे, माझ्याकडे बघ, उत्तर दे, नाहीतर मी मरेन. शेवटच्या दोन ओव्यांत दावीद म्हणतो, मी तुझ्या दयेवर भरवसा ठेवला आहे. आधी प्रश्न, मग मागणं, मग आधार. याच क्रमाने आपलं स्तोत्र वहीत लिहा. उदाहरणार्थ, नवऱ्याच्या रिपोर्टची वाट पाहणारी बाई असं लिहील :

"प्रभू, अजून किती दिवस? ह्यांच्या गळ्यातली गाठ कसली आहे ते तुला ठाऊक आहे, आम्हालाच नाही. रात्रभर मी ह्यांचा श्वास ऐकत पडते. मुलांना काय सांगू? गुरुवारी डॉक्टरांसमोर मला नीट ऐकू येऊ दे, विचारायचं ते आठवू दे. गाठ साधी निघावी असं मला वाटतं, ते तुझ्यापासून लपवत नाही. आईच्या दुखण्यात तू आम्हाला सोडलं नव्हतंस. त्या आधारावर आज अंग टाकते."

शब्द साधे असू देत. प्रार्थनासभेतली भाषा इथे लागत नाही. आणि शेवटची ओळ मनापासून येत नसेल तर लिहू नका. स्तोत्र ८८ अंधारातच संपतं, त्यात शेवटी आशेची ओळ नाही, तरी ते शास्त्रात आहे. एखाद्या दिवशी तेवढंच वाचून वही मिटा.

दिवसाचे तीन ठोके

दानिएल दिवसातून तीन वेळा गुडघे टेकायचा. दवाखान्याच्या धावपळीत तासभराची उपासना जमत नाही, आणि ती जमली नाही की अपराधी वाटतं. त्यापेक्षा तीन लहान वेळा ठरवा आणि त्या पाळा.

सकाळी, मोबाईल हातात घेण्याआधी, एक स्तोत्र मोठ्याने वाचा. मोठ्याने अशासाठी की काळजीने भरलेलं डोकं मुकाट्याने वाचताना भरकटतं. पहिल्या आठवड्यासाठी २३, २७, ४०, ४६, ६२, १२१ आणि १३० ही सात स्तोत्रं पुरतील. दुसऱ्या आठवड्यात तीच पुन्हा. नवीन काही शोधत बसू नका. ओळखीचे शब्द अशा वेळी लवकर तोंडात बसतात.

दुपारची वेळ बहुधा रांगेत किंवा ओपीडीच्या बाकड्यावर जाते. तिथे एक ओळीची प्रार्थना श्वासाला जोडा. श्वास घेताना "प्रभू येशू" आणि सोडताना "माझ्यावर दया कर". किंवा मार्कच्या नवव्या अध्यायातल्या त्या बापाचे शब्द घ्या, "माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका." त्याचा मुलगा आजारी होता आणि त्याने दोन्ही गोष्टी एका दमात सांगितल्या. येशूने त्याला आधी विश्वास पक्का करून ये असं म्हटलं नाही, मुलाला बरं केलं.

रात्री वहीत दोनच ओळी लिहायच्या. आज काय जड गेलं आणि आज कुठे आधार मिळाला. आधार लहानसाच असतो. वॉर्डातल्या मावशींनी चहा आणून दिला, शेजारणीने मुलांना जेवायला घातलं, सिस्टरने सलाईन लावताना एकाच टोचणीत शीर पकडली. एका घरात मी ही वही पाहिली आहे. तिच्यात बरेच दिवस "आज काहीच नाही" एवढंच लिहिलेलं होतं, आणि मधूनच एका पानावर "यांनी आज अर्धी भाकरी खाल्ली." ती ओळ दोनदा अधोरेखित केली होती.

पहाटे तीन वाजता

सगळ्यात अवघड वेळ हीच. जाग येते आणि डोकं थेट वाईटात वाईट शक्यतेकडे जातं. अशा वेळी मोबाईलवर आजाराचं नाव टाकून शोधू नका. तीन वाजता वाचलेली माहिती सकाळी डॉक्टरांना विचारायच्या प्रश्नापुरतीसुद्धा उपयोगी पडत नाही, पण झोप मात्र घालवते. प्रश्न सुचला तर वहीच्या मागच्या पानावर लिहा, तो सकाळपर्यंत तिथेच राहील.

मग उठून बसा, दिवा लावा, पाणी प्या. स्तोत्र १३० हळू वाचा. पहारेकरी पहाटेची वाट पाहतात त्याहून अधिक माझा जीव प्रभूची वाट पाहतो, असं त्यात दोनदा म्हटलं आहे. पहारेकऱ्याला पहाट लवकर आणता येत नाही, त्याचं काम जागं राहण्याचं. शब्दच सुचत नसतील तर गप्प बसा. रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायात लिहिलं आहे की आपल्याला कशी प्रार्थना करावी हे कळत नाही तेव्हा पवित्र आत्मा स्वतः, शब्दांत न मावणाऱ्या कण्हण्याने, आपल्यासाठी मध्यस्थी करतो. तुमचं नुसतं कण्हणंसुद्धा प्रार्थनेत धरलं जातं. प्रभूची प्रार्थना म्हणा आणि पुन्हा आडवे व्हा, झोप लागो न लागो.

जेवा आणि झोपा

एलीया संदेष्टा रानात एका झुडपाखाली पडून म्हणाला, आता पुरे, माझा जीव घे. देवाने त्याला उपदेश केला नाही. देवदूताने निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचं भांडं दिलं आणि त्याला झोपू दिलं. मग पुन्हा उठवून खायला घातलं, "कारण तुला दूरचा पल्ला गाठायचा आहे." परमेश्वराचं बोलणं त्यानंतर, होरेब डोंगरावर.

रुग्णाजवळ राहणाऱ्यांपैकी कितीतरी जण स्वतःच्या बीपीच्या गोळ्या घ्यायला विसरतात. डबा घरून येत असेल तर वेळेवर उघडा. रात्री आळीपाळीने थांबा, एकट्याने सगळ्या रात्री काढू नका. उपास-प्रार्थना करायची असेल तर ती घरच्या एखाद्या धडधाकट माणसाने करावी. केमोवर असलेल्या रुग्णाने किंवा मधुमेह असलेल्याने डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपास करू नये. त्याने प्रार्थना कमी पडत नाही.

सौदा नको, आणि चमत्काराच्या नावाखाली औषध बंद नको

आपल्याकडे नवसाची सवय हाडात मुरलेली आहे, ख्रिस्ती घरांतही. "हे बरे झाले तर मी अमुक करीन" असं तोंडातून निघून जातं. हन्नानेही नवस केला होता हे खरं, पण आधी तिने मन रितं केलं होतं. नवसात आपण देवाला काहीतरी देणं लागतो आणि त्याने मोबदल्यात काहीतरी द्यायचं असा हिशेब शिरला की भीती वाढते. हिशेब चुकला तर? आपलं देणं कमी पडलं तर? बोललाच असाल तर त्या ओझ्याखाली राहू नका, आपल्या पाळकांशी बोला.

याहून वाईट एक गोष्ट आहे आणि ती स्पष्ट लिहिते. तुमचा विश्वास कमी पडला म्हणून रुग्ण बरा होत नाही, असं सांगणारा माणूस घरात आला तर त्याला चहा देऊन निरोप द्या. पौलाने शरीरातल्या काट्यासाठी तीनदा विनंती केली आणि काटा निघाला नाही. त्याला उत्तर मिळालं, "माझी कृपा तुला पुरे आहे." गेथशेमानेत येशूने प्याला टळून जावा अशी प्रार्थना केली आणि प्याला टळला नाही. यांचा विश्वास कमी होता काय? आणि गोळ्या, केमो, इन्सुलिन बंद करा म्हणणाऱ्याचं कधीही ऐकू नका. पौलाचा सोबती लूक वैद्य होता, पौल त्याला "प्रिय वैद्य" म्हणतो. औषध घेणं हा अविश्वास नाही.

यिर्मयाचं ते वचन पूर्ण वाचा

भिंतीवरच्या कॅलेंडरवर, व्हॉट्सॲपवर, आजाऱ्याच्या उशाशी यिर्मया २९:११ हमखास असतं. "ते संकल्प हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत." वचन खरंच आहे, पण त्याच्या आधीच्या ओवीत सत्तर वर्षं लिहिली आहेत. बाबेलमध्ये धरून नेलेल्या लोकांना यिर्मयाने हे पत्र पाठवलं, आणि ते वाचणाऱ्यांपैकी बहुतेकांना यरुशलेम पुन्हा दिसणार नव्हतं. मग त्यांनी काय करायचं? पत्रात सांगितलं आहे. घरं बांधा, राहा, बागा लावा, त्यांची फळं खा, मुलांची लग्नं करा, ज्या नगरात आहात त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा.

म्हणजे वाट पाहताना आयुष्य थांबवायचं नाही. एखादं सावकाश होणारं काम हाती ठेवा. कुंडीत मेथी लावा, स्वेटर विणायला घ्या, मुलाचा रोज अर्धा तास अभ्यास घ्या. पंडिता रमाबाईंची एकुलती एक मुलगी मनोरमा १९२१ च्या जुलैमध्ये वारली. पुढच्या वर्षी ५ एप्रिलला केडगावला रमाबाई गेल्या. मधल्या त्या महिन्यांत, प्रकृती खालावलेली असतानाही, हिब्रू-ग्रीकवरून सोप्या मराठीत चाललेलं पवित्र शास्त्राच्या भाषांतराचं काम त्यांनी सोडलं नाही. तो ग्रंथ त्यांच्या केडगावच्या मुक्ती मिशनच्याच छापखान्यात, तिथल्या बायकांच्या हातून छापला गेला आणि १९२४ मध्ये पूर्ण बाहेर आला. रमाबाईंनी तो पाहिला नाही. दुःख आहे म्हणून काम थांबलं नाही, हे मला फार मोलाचं वाटतं.

दोन माणसं धरा

सगळ्या मंडळीला रोज सगळं सांगत बसलात तर थकाल. दोन माणसं निवडा, ज्यांना खरं सांगता येईल आणि जी उपदेश न करता ऐकतील. त्यांच्यापैकी एकाला बाकीच्यांना कळवायचं काम द्या. व्हॉट्सॲपवर एवढा मजकूर पुरे : "रिपोर्ट गुरुवारी. तोपर्यंत फोन नको, प्रार्थना हवी. शनिवारी डब्याची मदत लागेल." लोकांना मदत करायची असते, काय करावं ते कळत नाही. त्यांना नेमकं काम सांगा.

याकोबाच्या पत्रात लिहिलं आहे की कोणी दुखणाईत असेल तर मंडळीच्या वडिलांना बोलवा, त्यांनी तेल लावून प्रार्थना करावी. पाळकांना फोन करायला संकोचू नका. कॅथोलिक घरांत फादरना रुग्णाभ्यंगासाठी, म्हणजे आजाऱ्याला तेल लावून प्रार्थना करण्याच्या संस्कारासाठी, बोलावलं की "म्हणजे आता शेवट आला" असं नातेवाइकांना वाटतं. तसं नाही. तो संस्कार मोठ्या ऑपरेशनआधीही घेता येतो. माहीमच्या सेंट मायकल चर्चमध्ये १९४८ पासून बुधवारचा नोव्हेना, म्हणजे विनंत्यांची खास प्रार्थना, चालतो, लोक तिथे आपल्या विनंत्या आणि आभार कागदावर लिहून देतात. आपल्या विनंतीशेजारी शेकडो अनोळखी माणसांच्या विनंत्या असतात, हे कळल्यावरही धीर येतो.

आणि भेटायला जाणाऱ्यांसाठी : ईयोबाचे मित्र सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर न बोलता बसले, तोवर त्यांचं सगळं बरोबर होतं. बोलायला लागल्यावर बिघडलं. "देवाची योजना असेल" हे वाक्य दवाखान्यात उच्चारू नका. शेजारी बसा, पाण्याची बाटली भरून आणा.

झोप अनेक दिवस उडाली, जेवण जात नाही, जगण्यात अर्थ वाटत नाही, असं होऊ लागलं तर प्रार्थनेबरोबरच मानसोपचारतज्ज्ञाची मदत घ्या. सरकारची टेली-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, मोफत मिळते आणि मराठीतही बोलता येतं.

उत्तर आल्यावर

गाठ साधी निघाली तर त्याच दिवशी आभाराची प्रार्थना करा आणि तुमच्यासाठी प्रार्थना करणाऱ्यांना कळवा. हे राहून जातं. योहानाच्या अकराव्या अध्यायाची गरज तुम्हाला तेव्हा वाटणार नाही.

रिपोर्ट वाईट आला तर मात्र तो अध्याय काढा. लाजर आजारी असल्याचा निरोप मिळूनही येशू आणखी दोन दिवस होता तिथेच राहिला. तो पोहोचला तेव्हा लाजराला कबरेत ठेवून चार दिवस झाले होते. मार्था आणि मरीया दोघीही वेगवेगळ्या वेळी त्याला तेच ऐकवतात, "प्रभूजी, आपण येथे असता तर माझा भाऊ मेला नसता." तो त्यांना गप्प करत नाही. मार्थेशी बोलतो, मरीयेला रडताना पाहून स्वतः रडतो. पुढे काय करणार हे माहीत असूनही रडतो. तुम्हालाही तेच वाक्य म्हणायची मुभा आहे.

त्या पहिल्या रात्री कुठलाही मोठा निर्णय घेऊ नका. दुसरं मत घ्यायचं का, कुठल्या शहरात न्यायचं, घर गहाण टाकायचं का, हे सगळं सकाळी. आधी निवडलेल्या त्या दोन माणसांपैकी एकाला घरी झोपायला बोलवा. पहिल्या आठवड्यात घर माणसांनी भरलेलं असतं आणि तिसऱ्या आठवड्यात कुणी फिरकत नाही, म्हणून त्याला आताच सांगून ठेवा की तिसऱ्या आठवड्यात ये. रविवारी उपासनेला जमलं तर जा. गाता आलं नाही तर मागच्या बाकावर बसा आणि बाकीच्यांना गाऊ द्या. वहीत नवीन पान काढा, वर तारीख घाला, आणि कशाची वाट पाहायची आहे ते पुन्हा एका वाक्यात लिहा.